हळू आवाजातलं गाणं

ड्रमची काठी दादाच्या भुवईवर बसली तेव्हा नवं गाणं अर्धंसुद्धा झालं नव्हतं.

"काठ्या सोडून कुंच्यांनी वाजवू?" धाकटा ओरडला. "भिंत रंगवायला बोलावलंयस का मला?"

दादाने भुवई दाबून धरली. बोटांमधून रक्त यायला लागलं. "एकदा पुरतं ऐक तरी," तो म्हणाला.

त्यात ऐकायचं काय? वर्षानुवर्षं या तळघरात तालीम करायची आणि स्टेजवर काळे कपडे घालून, तोंडाला पांढरी पावडर फासून मढ्यांची, थडग्यांची, शापांची गाणी वाजवायची, असा त्यांचा बॅंड. दादाची गिटार, मावसबहिणीची, म्हणजे ताईची, बेस गिटार आणि धाकट्याचे ड्रम. पोस्टरवर 'गॉथिक रॉक' छापलेलं असायचं, लोक मात्र त्यांना 'बहिरे' म्हणायचे. धाकट्याला त्याचा कोण अभिमान! दर गाण्याआधी दादा एकच शब्द म्हणायचा, "जोरात!" की हा तुटून पडायचा. शाळेत तो ढ, नोकरीत टिकत नव्हता, चारचौघांत तोंडातून शब्द फुटत नव्हता. पण ड्रमवर बसला की त्याच्यासारखा तोच. आणि आता बाबांना जाऊन महिना झाला नाही तोच दादा मवाळ झाला. यापुढे सगळी गाणी अशीच, हळू, म्हणे. मग धाकट्याने करायचं काय?

बाबा आठवले आणि त्याचं डोकं आणखीच फिरलं. बाबा खरे रसिक! हे ड्रम त्यांनीच आणून दिले होते, तो सात वर्षांचा असताना. तळघराच्या वर लागूनच स्वयंपाकघर होतं, पण आवाजाबद्दल त्या माणसाने कधी चकार शब्द काढला नाही.

"बाबा असते तर तुला ही थेरं सुचली नसती!" त्याने दादाची गिटार हिसकावून भिंतीवर आपटली. तिची मान मोडली, तारा लोंबायला लागल्या. दादा ती उचलायला वाकला, तशी त्याने पोटात लाथ घातली. दादाने हात उगारला नाही, आणि त्यानेच धाकट्याला जास्त चेव चढला.

ताई मध्ये पडली. "अरे, थांब! तो तुला जोरात का वाजवायला लावायचा, माहितीये? वर काका मावशीला मारायचे. ते सुरू झालं की हा तुला उचलून खाली आणायचा. तुला काही ऐकू जाऊ नये म्हणून!"

"खोटं आहे! आई मोरीत घसरून पडायची."

"दर आठवड्याला?"

धाकट्याने ताईला बाजूला ढकललं आणि दादाच्या नाकावर ठोसा मारला. हाड मोडल्याचं स्वच्छ ऐकू आलं. कधी नव्हे ते तळघरात काहीच वाजत नव्हतं. त्या आवाजाने तो स्वतःच दचकला, पण हात थांबला नाही. दुसरा ठोसा बसला, मग तिसरा. दादा ड्रमवर कोसळला आणि झांज जमिनीवर खणखणत गेली.

वर स्वयंपाकघरात भांडं पडलं. आईची पावलं धावली. जिन्याकडे नाही, आतल्या खोलीकडे. दार लागलं. पाठोपाठ आतून कडी घातल्याचा आवाज आला.

तिघंही छताकडे बघत राहिले. धाकट्याची मूठ अजून वळलेलीच होती.

दादा कसाबसा उठून बसला. त्याने तोंडातलं रक्त थुंकलं, सरपटत बेसच्या स्पीकरपर्यंत गेला आणि त्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

"ताई, वाजव," तो म्हणाला. "जोरात. आईला ऐकू जातंय."