‘का’ सोडून

“‘का’ म्हणायचं नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “काय दिसलं, काय ऐकू आलं, हाताला काय लागलं. तेवढंच. पुन्हा.”

राजाबाईनं पदर तोंडाशी धरला. का ठेवलं मी तिला मेंढरांच्या वाडग्यात? घरात का नाही घेतलं? माझ्या भरवशावर आली ती, मग मीच का

“पुन्हा.”

सहावा आठवडा.

सात वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव वस्त्या पेटल्या. बौद्धवाड्यातली मालनबाई राजाबाईबरोबर कापूस वेचायची. त्या दुपारी ती धापा टाकत आली आणि राजाबाईच्या वाडग्यात, मेंढरांच्या काटेरी कुंपणात, लपली. संध्याकाळी ओढ्यात सापडली. पंचनामा झाला, नाव कुणाचंच आलं नाही.

तेव्हापासून राजाबाईच्या डोक्यात एकच जातं फिरत होतं. भाकरी करपायची, ती तव्याकडं बघत बसायची. नवऱ्यानं, केरबानं, मेंढरं विकली. गाव सोडलं. पडेगावात खोली घेतली, वाळूजच्या नव्या कंपनीत वॉचमन झाला. जातं थांबलं नाही. दोनदा तिला विहिरीच्या काठावरून ओढून आणावं लागलं.

ओढून आणणारा केरबाच. दर मंगळवारी पाळी बदलून घेऊन तिला इथं आणणारा, शेजारच्या खुर्चीवर टोपी मांडीवर ठेवून बसणारा, तोही केरबाच.

“लई रवंथ करती, डॉक्टरीनबाई,” पहिल्या दिवशी तो म्हणाला होता. “मेंढरू बी इतकं करीत नाय.”

डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या. आणि हा सराव. ‘का’च्या मागं गेलं की मन गोल फिरतं, त्या म्हणाल्या. एकामागून एक काय घडलं ते धरून चाललं, की कुठंतरी पोचतं.

“चला. दुपार आहे.”

पाऊस थांबलेला. गावात गडबड, म्हणून मेंढरं चरायला सोडली नव्हती. हे पाचोडच्या बाजाराला गेलेले.

“मग?”

मालनच्या एकाच पायात चप्पल. अंगावर घोंगडी टाकली तिच्या. म्हणलं, मेंढरांत बसून ऱ्हा, पाणी आणते.

“मग?”

घरी गेले. तांब्या भरला. फडक्यात भाकर बांधली. भाकर बांधत का बसले मी, तेवढ्यात

“बांधली. मग?”

“सांग की राजे,” केरबा हळूच म्हणाला. “चांगलं चाललंय.”

माघारी आले. तांब्या खाली ठेवला.

“हाताला काय लागलं?”

राजाबाईनं डोळे मिटले. तिचे हात आपसूक उठले. उजव्यानं हवेतच कसला तरी फास वर काढला. मग वाकून दोन्ही हातांनी काहीतरी जड बाजूला सारलं.

“हे काय करताय?”

“ताटी काढते. वाडग्याची, काट्यांची. आदी खुंट्यावरला फास सोडायचा, मंग खालचा धोंडा सारायचा.”

“म्हणजे बंद होती?”

“व्हय. फास बसवलेला. धोंडा टेकवलेला.” ती थबकली. सात वर्षांत तिनं हे एकदाही पाहिलं नव्हतं. पाण्यातून वर यावं तसा श्वास तिनं घेतला. “आत मेंढरं. घोंगडी पडलेली. मालन नाय.”



“बघा! आज रडली नाय,” केरबा म्हणाला. त्याचेच डोळे भरून आले होते.

डॉक्टरबाई मात्र लिहायच्या थांबल्या होत्या. जन्म शहरात, गुलमंडीवर गेलेला, वाडगं कधी पाहिलेलं नाही.

“एक कळलं नाही मला,” त्या म्हणाल्या. “मारायला आलेली माणसं. बाईला ओढून नेलं. आणि जाताना फास बसवून, दगड लावून गेली?”

राजाबाईनं डोळे उघडले.

केरबाला हसूच आलं. शेरातल्या माणसाला काय कळावं!

“उघडी टाकून कसं चालंल, बाई?” तो म्हणाला. “मालनला भाईर काढंस्तोवर दोन कोकरं निसटलीच व्हती.”