आईच्या चेहऱ्याचा साचा

"आता ओठांवर लावतेय. यापुढे बोलायचं नाही हं, आई."

"अगं पण मला आधी सांग की..." आईनं सुरुवात केली, तेवढ्यात गार, ओली पट्टी ओठांवर बसली आणि उरलेलं वाक्य आतच राहिलं. जन्मात पहिल्यांदा तिचं तोंड दुसऱ्या कुणीतरी बंद केलं होतं. शेजारणींनी पाहिलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या.

मागच्या खोलीत चटईवर ती उताणी पडली होती. केसांवर प्लॅस्टिकची टोपी, भुवयांना व्हॅसलीन, डोळे मिटलेले, नाकपुड्या तेवढ्या उघड्या. हाड मोडल्यावर दवाखान्यात गुंडाळतात त्याच प्लॅस्टरच्या पट्ट्या लेक पाण्यात बुडवून तिच्या चेहऱ्यावर चढवत होती. घट्ट झाल्या की सगळं एकदम उचलायचं, की झाला साचा तयार. मग त्यातून निघालेला चेहरा जायचा कपाटाच्या खणात.

आता कपाट म्हणजे काय प्रकार, ते ऐका. पलंगाशेजारी ठेवतात तसलं साधं लाकडी कपाट. पण लेकीनं त्याला लोखंडी नळ्यांचे बगळ्यासारखे पाय लावले होते. पाठीवर मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचे पंख, पंखांना पिसांच्या जागी चमचे आणि पोटाला चक्क नळ! वरच्या खणात म्हणे एक बाई झोपलेली असणार. पुढच्या आठवड्यात वाचनालयाच्या हॉलमध्ये ते लोकांना बघायला मांडायचं होतं. आईनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एवढंच विचारलं, "माझे चमचे कुणाला विचारून घेतलेस?"

तेव्हा आज ती आडवी झाली ती काही कलेच्या प्रेमापोटी नव्हे. सौदा ठरला होता. आईनं चेहरा द्यायचा आणि लेकीनं मामाच्या ऑफिसातल्या नोकरीला हो म्हणायचं. नोकरी दुसऱ्या गावी, लगेच हजर व्हायचं. प्रदर्शनाचं मैत्रीण बघेल, आणि या खोलीला कुलूप. भावाच्या मागे हात धुवून लागून आईनंच ती जागा मिळवली होती. पोरगी तिशीला टेकली. उद्या आपण गेलो तर हिला काय ते कपाट जेवू घालणार आहे? लेक "बरं" म्हणाली होती. नुसतं "बरं". त्यापेक्षा कडाकडा भांडली असती तर आईला झोप तरी लागली असती.

नाक खाजायला लागलं. गॅस बंद केलाय की नाही? वाळत घातलेले कपडे तसेच राहिलेत. पाठीखाली काहीतरी टोचतंय, बहुतेक चमचाच. आईचे पाय आपोआप हलायला लागले.

"पाय हलव हवे तेवढे. मान नको," लेक म्हणाली.

आई चपापली. हा कुणाचा आवाज? ही पोर घरात मीठ मागतानासुद्धा पुटपुटते. आणि आता हुकूम सोडतेय, तोही आपल्याला! बोटं नाकाच्या कडेनं फिरली, गालावरून उतरली, हनुवटीखाली पट्टी दाबून बसवली. कुठं घाई नाही, कुठं चाचपडणं नाही. हळूहळू प्लॅस्टर तापू लागलं.

"ऊब लागेल आता. घाबरू नकोस, मी आहे."

आपल्या चेहऱ्याला शेवटचा हात कुणी लावला होता, ते आईला आठवेना. नवरा जाऊन वर्षं झाली. मध्यंतरी डोळ्यांच्या डॉक्टरनं पापणी ओढून पाहिली होती, तेवढंच. तिला एकदम रडू यायला लागलं आणि स्वतःचाच राग आला. पट्ट्यांखाली माणसानं रडावं तरी कसं?

आईचा फोन वाजला. लेकीनं बरबटलेल्या करंगळीनं तो स्पीकरवर टाकला.

"ताई, काय ठरलं?" मामा घाईत होता. "साहेब समोर बसलेत. दुसरा उमेदवारही आलाय. काय ते आत्ता सांग."

"मामा, मी बोलतेय. आईला आत्ता बोलता येत नाहीये."

"ताईला? बोलता येत नाही?" मामाचा विश्वासच बसेना. "बरं, मग तू सांग. हो ना?"

आईला दिसत काहीच नव्हतं, पण गालावरची बोटं थांबलेली कळली. पट्टीचं एक टोक निसटून कानात पाणी गळत होतं, आणि ते सावरायचंही पोरीला सुचत नव्हतं.

"मामा..." ती पुटपुटली. "हो, म्हणजे मी..."

"नाही!"

प्लॅस्टरखालून घोगरा, गुदमरलेला आवाज आला, पण आला. ओठांपाशी साचा फाटला.

"आई, हलू नकोस!" लेक किंचाळली. पण आई उठून बसली होती. डोळे अजून झाकलेले, हनुवटीवरून पांढरे गोळे गळताहेत.

"त्या दुसऱ्याला घ्या म्हणावं साहेबांना," ती फोनच्या दिशेनं अंदाजानं ओरडली. "हिला जमायचं नाही. आणि असा भलत्या वेळी फोन करत जाऊ नकोस रे, आमचं काम चाललंय इथं!"

फोन बंद झाला. लेक फाटलेला साचा हातात घेऊन बसली होती. नाक ओढत ती म्हणाली, "सगळा गेला की गं. पहिल्यापासून करावं लागणार."

आईनं चेहऱ्यावरचा लगदा पुसला. पुन्हा आडवी झाली, हात पोटावर ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

"मग कर की," ती म्हणाली. "सावकाश लाव."