हसायची जागा

मार्तंड गिटार बडवत रॉकच्या ठेक्यात विनोदी गाणी गायचा आणि ड्रमवरचा नत्थू नेमक्या जागी असा खदखदून हसायचा, की त्याच्यामागून अख्खं नागपूर हसायचं. मग जोडी फुटली. पंधरा वर्षांनी, चौऱ्याऐंशी साली, दोघांनी पुन्हा एकत्र येऊन कॅसेट काढली. पण मधली सगळी वर्षं हातमागावर, सुताच्या धुळीत घालवलेल्या नत्थूला आता हसताना खोकल्याची उबळ यायची. म्हणून मार्तंडने रेकॉर्डिंगवाल्याला बाजूला घेतलं आणि नत्थूला न सांगता त्याचं हसणं तेवढं कापून टाकायला लावलं.

पाचपावलीत नत्थूच्या घरी शेजारीपाजारी जमले, मार्तंडही आला, टेप सुरू झाला. पहिलं गाणं संपलं तरी कोणी हसेना. नत्थू जरा वेळ टेपकडे बघत राहिला. दुसऱ्या गाण्यात ती जागा आली, तसा तो खुर्चीतूनच खदखदून हसला, खोकला, पुन्हा हसला, आणि घरभर हशा पिकला. मार्तंडची मान काही वर होईना.

नत्थू त्याच्या कानाशी वाकला, "मशीनच कमजोर निघाली गा, माझं हसणं पकडलंच नाई तिनं. तू फिकर नको करू, मी आहो न इथं."