गृहपाठ विसरलेला मुलगा

नुसत्या चर्चेवर चालणाऱ्या वर्गाला गृहपाठ जवळजवळ नसतोच, म्हणूनच मृण्मयीच्या आईने तिला शाळेतून काढून घरूनच या ऑनलाइन वर्गाला बसवलं होतं. पडद्यावर तिच्याशिवाय पाच मुलं. त्यांतली खरी किती आणि चर्चा रंगावी म्हणून यंत्राने घडवलेली किती, हे वर्ग चालवणारे सांगत नसत. दोन वर्षं ती पाचही जणांशी कडाकडा भांडली होती. त्यांतला एक तरी खरा असावा, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून मागच्या सोमवारी तिनेच वर्गाच्या मॅडमकडे सगळ्यांसाठी गृहपाठ मागून घेतला. खिडकीतून काय दिसतं, ते वहीत हाताने लिहायचं. खरं मूल असलं काम नक्की विसरेल, असं तिला वाटत होतं.

आज शलाका, तन्वीर, ईशान आणि नुपूर यांनी लिहिलेली पानं कॅमेऱ्यासमोर धरली. नुपूरच्या पानावर चहाचा डागही होता.

"ओजस, तुझी वही?" मॅडमनी विचारलं.

"सॉरी मॅडम, राहिलंच. लिहायला बसलो आणि झोपच लागली."

मृण्मयी खुर्चीतून उठलीच. "आई, लवकर ये! याने केलाच नाही!" तिला आनंदाने रडू आलं. "ओज्या, गाढवा, राहतोस कुठे तू?"

पडदा क्षणभर थबकला.

"मॅडम, खरं सांगू?" शलाका म्हणाली. "मीही केला नाहीये. हे पान जुनं आहे."

"माझाही राहिला," तन्वीर म्हणाला.

मग ईशान विसरला, मग नुपूर. पाचही चेहरे मृण्मयीकडे बघून सारखंच ओशाळं हसले.

आई हात पुसत दारात आली. "कोणी केला नाही गं?"

मृण्मयीने आपली लिहिलेली वही मिटली.

"कोणीच नाही," ती म्हणाली.