यादीतलं नाव

नवं हृदय मिळणाऱ्यांच्या यादीत माझ्या नवऱ्याचं, तिहोमिरचं नाव घालायचं की नाही, ते आज झाग्रेबच्या इस्पितळात ठरणार होतं. डॉक्टरबाईंनी त्याच्या मानेची सोनोग्राफी केली. रक्तवाहिनीला आतून पांढरा थर चिकटला होता. त्या म्हणाल्या, “एवढं चालेल. पण सिगरेट सुटली नसेल, तर नवं हृदयही असंच तुंबेल.” “वर्षभरात एकही नाही! हिलाच विचारा,” तिहोमिर म्हणाला. काल त्याच्या मासेमारीच्या बुटात मला सिगरेटचं पाकीट सापडलं होतं. गप्प बसले असते, तर खपलं असतं. पण कुणाचं तरी माणूस गेल्यावरच ते हृदय मिळणार होतं; ते वाया कसं जाऊ द्यायचं? “अजून ओढतो,” मी म्हणाले. “नेवेंका, नवऱ्याच्या जिवावर उठलीस!” डॉक्टरबाईंनी फाइल मिटली. “सहा महिने सिगरेट सोडा, मग यादीचं बघू.” जिन्यात त्याला धाप लागली. माझा हात झिडकारून तो पायरीवर बसला. “सहा महिने काढीन का गं?” “काढशील,” मी खोटंच म्हणाले.