गाणं आधी गावाला

"दारात पाव्हणा आला तर मान वर करत न्हाई, अन् त्या फोनला मात्र 'राम राम मंडळी' करायलाय. असं ध्यान माझ्याच पोटी यावं!" सत्यमला ऐकू जाईल अशा आवाजात केवळाबाई बोलली.

सत्यमनं ज्वारीच्या पोत्याला फोन टेकवून ठेवला होता. तो चिडला नाही. पेटी पुढं ओढून त्यानं गाणं परत पहिल्यापासून धरलं.

"आवाज तरी काय, फुटक्या घागरीवानी," ती सुनेला म्हणाली.

"आत्याबाई, बाहेरचे लोक लई नावाजतात त्यांला," शिवांगी म्हणाली.

"तू नको नावाजू. तोंड मीट अन् भाकर बघ, करपायली."

मागल्या लग्नसराईत सत्यमनं चुलतभाऊ भारतची बँजो पार्टी सोडली. वरातीत लोक नाचतात, ऐकत कुणी नाही, असं त्याचं म्हणणं. रेणापुरात घरी बसून स्वतःची गाणी करायची, यूट्यूबवर टाकायची आणि ऐकणाऱ्याला धरून राहायचं, असं त्यानं ठरवलं. कुणी दोन शब्द लिहिले की तो नाव घेऊन उत्तर देई. चाल अडली की अर्धीच टाकून लोकांना विचारी, "पुढं कुठं नेऊ?" लोक गुणगुणून पाठवत. देगलूरच्या जगदेवी नावाच्या बाईनं नातवासाठी पाळणा मागितला, तिकडं बोलतात तसा मराठीत तेलुगू मिसळून. त्यानं तो तसाच गाऊन दिला आणि त्या पाळण्यानं त्याला माणसं मिळवून दिली. रविवारी तो लाइव्ह बसला की लोक घरचं विचारत. घसा बसला तर काढे सांगत.

एक नेम त्यानं कधी मोडला नाही. नव्या गाण्याची लिंक आधी रेणापूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची, मग जगाला. आपली माणसं आधी.

पोळ्याच्या सुमारास एका संध्याकाळी तो ताटावर नुसताच बसून राहिला.

"परत तेच," तो शिवांगीला म्हणाला. "गावाला गाणं गेलं की लगेच डिसलाइकची रांग. बाहेरच्यानं कुणी अजून ऐकलंबी नसतंय."

"असंल एखादा टवाळ."

"एखादा? दर गाण्याला हेच. ठरवून करायलेत. देगलूरची माणसं जीव लावतात, अन् ज्यांच्या अंगणात खेळलो त्यांला मी नको."

केवळाबाईनं त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला नाही. सुनेदेखत विचारायचं म्हणजे कमीपणा. गावात कुणीतरी लेकाच्या वाईटावर आहे, एवढं तिला कळलं. तेवढं तिला पुरे झालं.

"गावाला नाव ठेवू नको," ती म्हणाली. "बचत गटातल्या बाया तुझं एकेक गाणं बघतात. मीच बसवते त्यांला, जिचा तिचा फोन घेऊन."

"मग आवडत नसंल त्यांला, माय."

"आवडायला तू काय पेढा हाईस?"

दुसऱ्या दिवशी ती स्टँडवर गेली. भारत टेम्पोत स्पीकर चढवत होता.

"का रं, माझ्या लेकराचं गाणं तुझ्या डोळ्यात सलायलंय का?"

"काकू, देवाशप्पथ न्हाई. मी तर वरातीत त्याचा पाळणा वाजवतो. लोक मागतात."

"तुझ्या बँजोवर कुत्रं नाचत न्हाई, म्हणून जळतोस!"

चहाच्या गाड्यावरची माणसं हसली. भारतनं स्पीकर खाली ठेवला.

"सत्यमला गाणं सोडू नको म्हणून मीच सांगत होतो, काकू," तो म्हणाला. "आजपासून तुमची पायरी चढणार न्हाई."

ती ताठ मानेनं परतली. वाटेत मात्र त्याचा उतरलेला चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

सत्यम नव्या गाण्यात रात्रंदिवस बुडाला. गाणं रेणापूरवरच होतं. त्यात आठवडी बाजार होता, नदी होती, पाणी भरताना भांडणाऱ्या बाया होत्या. नांदेडच्या एका कार्यक्रमात तो ते पहिल्यांदा माणसांसमोर गाणार होता. जगदेवी नातवाला घेऊन यायची होती.

"ह्याला गाव काय म्हणतंय ते बघतो," तो शिवांगीला म्हणाला. "ह्यालाबी तसंच झालं तर आपण कुणासाठी गायचं?"

केवळाबाईनं ते ऐकलं. गाणं आलं त्या दुपारी ती घरोघर फिरली. गटातल्या बाया तर होत्याच. कधी न येणाऱ्या, सासरहून माहेरी आलेल्या पोरीसुद्धा तिनं दंडाला धरून आणल्या. या खेपेला तिला कसर ठेवायची नव्हती.

संध्याकाळी सत्यमनं फोन बघितला. मग नांदेडला फोन लावून सांगितलं, "माझ्या जागी दुसरं कुणी बघा." चॅनल बंद केलं. पेटीवर जुनं लुगडं गुंडाळून ती माळ्यावर टाकली. शिवांगी चुलीकडं तोंड करून रडत होती.

"लातूरला डाळमिलीत कामाला जातो, माय," तो म्हणाला. "गावाला मी नको हाय. या खेपेला तर डिसलाइक दुप्पट झाले."

केवळाबाई त्याच्याजवळ बसली. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"गाव न्हाई रं, नजर. नजर लागली तुला. असला सोन्यावानी गळा, म्हणून तर म्या कधी तोंडानं चांगलं म्हणलं न्हाई. अन् तुझं गाणं आलं की, जगानं बघायच्या आधी, समद्या बायांकडून त्यो उलटा अंगठा दाबून काळा करून घेतला, तीट म्हणून. आज तर साऱ्या गावाच्या हातानं लावली रं, सत्या. तरीबी लागली ती लागलीच."