यानाचं दार

खेळ पुन्हा त्याच दारात अडला. पडद्यावर ओसाड अंतराळयानातला लांब बोळ, टोकाला अर्धवट उघडं लोखंडी दार, दारापलीकडे काळोख. काही म्हणता काही हलेना.

"हात लावू नकोस, आत्या," म्हणत शोमारीने वाकून कॉम्प्युटरची वायर उपटली. पडदा विझला. म्वानाहामिसी आत्या मांडीवर हात ठेवून बसून राहिली. टायपिंगचं दुकान तिचं, कॉम्प्युटर तिचा, आणि भाच्याने रचलेला भुताटकीचा खेळ चालवून बघायला बसलेलीही तीच.

शनिवारी टांगा गावच्या वाचनालयात हा खेळ पहिल्यांदा लोकांपुढे येणार होता. तिथले कॉम्प्युटर म्हणजे आत्याच्या या कॉम्प्युटरचीच सख्खी भावंडं. म्हातारी, धापा टाकणारी, लग्नपत्रिकेपलीकडे ज्यांना कुणी कधी काही दाखवलंच नाही अशी. इथे चाललं तर तिथे चालणार. नाही चाललं तर आपल्याच गावातल्या माणसांना आपला खेळ खेळता येणार नाही, आणि शोमारीला ते फार लागलं होतं.

सकाळपासून तो खेळावरचं एकेक ओझं उतरवत होता. आधी सावल्या गेल्या. मग हवेत तरंगणारी धूळ गेली. मग बोळाच्या वळणावर मरून पडलेल्या खलाशाचे हळूहळू हलणारे केस गेले. ते केस जमवायला त्याचा अख्खा पावसाळा खर्ची पडला होता. बिचारा खलाशी टकला झाला, तरी दार आलं की गाडी ठप्प.

"आता भिंतींवरचा गंज काढतो," शोमारी पडेल आवाजात म्हणाला. "मग ते यान कसलं, दवाखाना दिसेल नुसता."

"काढ की. राहत्या जागेत इतका गंज बरा दिसत नाही," आत्या म्हणाली. "आणि त्या मेलेल्या पोराच्या अंगावर काहीतरी घाल. उघडा पडलाय केव्हाचा."

गंज निघाला. आत्याने पुन्हा कळा दाबत बोळ पार केला. दार आलं, चित्र थांबलं. शोमारीने मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि तो वायरीकडे वाकला, पण त्याला ती उपटवेना. तेवढ्यात चित्र हललं. दाराकडे पाठ फिरवून आलं तसं बोळातून परत चालू लागलं.

"आत्या, हे कोण चालवतंय?"

"मीच. दुसरं कोण आहे इथं?"

"मग इतका वेळ अडलं होतं ते?"

"अडलं कुठे? मी उभी होते. होदी म्हटलं, कुणी उत्तर देईना. तीनदा म्हटलं. आता काय दार फोडून आत जाऊ?"

शोमारी वायर सोडून सरळ झाला. टांगात कुणाच्याही दारात थांबून होदी म्हणायचं, आतून कारीबू, म्हणजे 'या', असं आलं की मगच उंबरा ओलांडायचा, आणि तिसऱ्या हाकेलाही उत्तर नाही आलं तर निमूट परत फिरायचं. दुकानात दिवसभर हेच चालायचं. आत्या पडद्यासमोर बसून होदी पुटपुटत होती, ते त्याच्या सरावलेल्या कानांना कळलंसुद्धा नव्हतं. आणि दारापाशी काहीएक हलायचं नाही, ही करामत त्याचीच. माणसाची पाचावर धारण बसावी म्हणून केलेली. त्यामुळे आत्या उभी आहे की यंत्र अडलंय, हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

"अगं, मग मी वायर उपटत होतो तेव्हा बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, घरात कुणी नाही म्हणून तूच आवरतं घेतोयस. म्हटलं, चला, पोराला वळण आहे."

"ते घर नाहीये, आत्या. यान आहे. आतली सगळी मेलीत."

"मग तर बिनबोलावता मुळीच जायची नाही मी."

शोमारी मटकन स्टुलावर बसला आणि हसत सुटला. यंत्र बिचारं मुकाट्याने चालत होतं आणि आपण मात्र खेळाला बोडकं करून बसलो. त्याने गंज परत चढवला. केस, धूळ, सावल्या, जे जे काढलं ते सगळं परत घातलं. यंत्राचा पंखा जरा घरघरला, पण चित्र चाललं. किती दिवसांनी त्याला इतकं हलकं वाटत होतं.

दारात गिऱ्हाईक आलं म्हणून आत्या उठली. तेवढ्या वेळात तो कागदांच्या गठ्ठ्यांमागे गेला, फोन ओठांशी धरून एकच शब्द बोलला, कॉम्प्युटरवर तो ताणून ताणून संथ केला आणि दारात कुणी थांबलं की ऐकू येईल असा दारापलीकडच्या काळोखात नेऊन ठेवला.

"बस, आत्या. आता एकदाच."

"आता तरी आहे का कुणी घरात?"

"बघ की जाऊन."

बोळ संपला. दार आलं. आत्या थांबली आणि तिच्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली, "होदी."

काळोखातून, काहीही घाई नसल्यासारखं, कुणीतरी फार मायेने म्हणालं, "कारीबू."

आवाज शोमारीचा स्वतःचाच, तरी त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. त्याला वाटलं, आत्या आता हसेल, नाहीतर एक धपाटा घालेल. पण तिने मानसुद्धा वळवली नाही. टेबलाखाली काहीतरी सरकलं म्हणून त्याने वाकून पाहिलं. आत्याने चपला काढून कडेला नीट जोडीने ठेवल्या होत्या, आणि अनवाणी पावलं फरशीवर टेकवून ती आत निघाली होती.